बोलक्याची झडती

"मग तो चोर कसा ठरतो, बाबा?"

हा प्रश्न सारंगनं ओसरीच्या पायरीवर उभं राहूनच विचारला. दंडवत प्रणाम राहून गेला. चपलाही पायातच राहिल्या.

धामणीकर बाबा नुकतेच गावातून भिक्षा घेऊन परतले होते. त्यांनी झोळी खांद्यावरून उतरवली आणि समोर एक धुतलेलं फडकं अंथरलं.

"कोन चोर?"

"माझा प्रोग्राम."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी मेथी निवडत बसलो होतो. मलाही काही कळलं नव्हतं, मी नुसते खांदे उडवले.

आमचा हा महानुभावांचा आश्रम अगदी लहान आहे. एक ओसरी, चार खोल्या, एक विहीर. निवृत्त झाल्यापासून मी इथेच राहतो. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नद्या पाठ आहेत. कॉम्प्युटरमधलं मला एवढंच कळतं की तो लावला की आत पंखा वाजतो. तेव्हा सारंग त्या दिवशी जे बोलला ते मला उमगलं तसं लिहितोय. काही चुकलं तर तो दोष माझा.

सारंग इंगोले आमच्याच गावचा. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली आणि परत आला. मुलगा हुशार, यात वाद नाही. फक्त ते त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"बस," बाबा म्हणाले.

तो बसला. पण बसण्यातही उभं राहणं होतं.

"बाबा, मी एक प्रोग्राम केलाय. 'बोलका' नाव आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. पडद्यावर जे असेल ते तो मराठीत वाचून दाखवतो. कोणतं बटण दाबलं तेही बोलतो. तीन वर्षं खपलोय त्याच्यावर. फुकट देतो."

"चांगलं केलं."

"आणि तो कॉम्प्युटरवर बसवावा लागत नाही. पेनड्राइव्हवर असतो. कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, चालू होतो. काढून घेतला की मागे काही उरत नाही. येतो, काम करतो, जातो."

"आमच्यावानी," बाबा म्हणाले.

मी हसलो. सारंग हसला नाही.

"आणि अँटिव्हायरस त्याला चोर म्हणतो!"

बाबांनी झोळी फडक्यावर उपडी केली. पाच-सहा भाकरी, कोणाकडचा भात, कोणाकडचं वरण, पिठलं, सगळं एकत्र. आमच्याकडे भिक्षा अशीच येते. चव शोधायची नसते.

"ते काय असते?" बाबांनी विचारलं.

"अँटिव्हायरस? कॉम्प्युटरचा राखणदार समजा. बाहेरून काही आलं की आधी तो तपासतो. घातक वाटलं तर तिथल्या तिथे उचलून कोंडून ठेवतो."

"मंग चांगला हाये राखनदार."

"चांगला?" सारंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या प्रोग्राममध्ये एक ओळ वाईट नाही, बाबा. एक ओळ! प्रत्येक ओळ मी स्वतः लिहिलीय."

बाबा भाकऱ्या एकेक उचलून, उलटीसुलटी पाहून बाजूला ठेवत होते. हे ते रोज करतात. मी दोन वर्षं पाहतोय, कधी विचारलं नाही.

"काय काय करते तुहा बोलका?"

"सांगितलं ना. पडद्यावरचं वाचतो. प्रत्येक बटणावर कान ठेवतो."

"अन् चोर काय करते?"

"कुठला चोर?"

"कॉम्पुटरातला."

सारंग बोलायला गेला आणि थांबला…

"पडद्यावरचं वाचतो," तो सावकाश म्हणाला. "बटणांवर कान ठेवतो. पण तो ते चोरून दुसऱ्याला पाठवतो, बाबा! बोलका मोठ्यानं बोलतो! जमीन-अस्मानाचा फरक आहे!"

"हाये ना. फरक हायेच."

"मग?"

"राखनदाराले तो दारातच कसा समजन?"

…

मला सारंगची दया आली. खरंच आली. तीन वर्षं खपून केलेल्या कामाला कुणी चोर म्हटलं तर माणसाचा जीव तुटणारच. मी वर्गात एका मुलाला एकदा विनाकारण चोर ठरवलं होतं. त्याचं तोंड मला अजून आठवतं.

"बरं, अजून एक," सारंग म्हणाला. आता तो जरा खाली सरकून बसला होता. "बोलका लहान पेनड्राइव्हवर मावावा म्हणून मी तो घट्ट बांधलाय. गाठोडं करतात तसा. चालवला की उलगडतो. राखणदाराला बंद गाठोडं आवडत नाही. आत पाहता येत नाही, म्हणजे आत काहीतरी काळंबेरं आहे, असं तो धरून चालतो. हा काय न्याय झाला?"

या ठिकाणी बाबा पहिल्यांदा हसले.

"आमच्या जुन्या पोथ्या पाह्यल्या तू? कपाटातल्या?"

"लहानपणी पाहिल्यात. वाचता येत नाहीत. अक्षरंच वेगळी आहेत."

"सांकेतिक लिपी हाये ते. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. पोथ्या जपाच्या म्हनून तसं लिवलं होतं, असं आमचे मोठे बावा सांगत. लोक म्हनत, यायच्या पोथ्यायमंधी काहीतरी भलतंच हाये, म्हनून लपवतेत."

"आणि काय होतं?"

"आमचे स्वामी कुठं जेवले. कोनाशी काय बोलले. कोनत्या गावात थांबले."

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे लोक चुकीचेच होते!" सारंग टाळी मिळाल्यासारखा उसळला. "तेच म्हणतोय मी!"

"लोक चुकले," बाबा म्हणाले. "पन लपवलं तं होतं ना."

सारंगचा चेहरा दिलेला शेंगदाणा परत घेतल्यासारखा झाला. बाबा त्याच्या बाजूचे की राखणदाराच्या, हे मलाही कळेना. आणि बाबांना ते सांगायची घाई दिसेना.

"तुले काय पायजे माह्यापासून?" त्यांनी विचारलं.

मग सारंगनं खरी गोष्ट सांगितली. आतापर्यंत तो प्रोग्रामबद्दल बोलत होता. खरी गोष्ट विशाखाची होती.

विशाखा तायडे ही पलीकडच्या गावची. वय सदतीस. जन्मापासून दिसत नाही. जिल्ह्याच्या एका वाचनालयात अंध वाचकांसाठी एक जागा निघालीय. पुस्तकं आवाजात नोंदवायची, वाचकांना लावून द्यायची, असं काम. त्याची परीक्षा रविवारी, कॉम्प्युटरवर. वयाच्या अटीनं विशाखाला ही शेवटची संधी. अशा उमेदवारांनी वाचून दाखवणारा प्रोग्राम स्वतः आणायचा, असं कळवलेलं. म्हणून ती बोलका घेऊन बुधवारी सरावाला परीक्षेच्याच केंद्रात गेली.

पेनड्राइव्ह लावला, आणि पडदा लाल झाला. भोंगा वाजला.

केंद्र चालवणारे लोखंडे सर धावत आले. तीसेक मुलांसमोर म्हणाले, व्हायरस घेऊन आलीस का इथे? पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात ठेवला आणि सांगितलं, हे घेऊन परत यायचं नाही.

ती भिंतीला हात लावत एकटीच बाहेर आली.

सारंग चिडला किंवा त्याला रडू आलं की त्याचं पुणं सुटतं आणि वऱ्हाड बाहेर येतं. "तीस पोट्ट्यायसमोर, बाबा. तिले काही दिसलं नाई, पन ऐकू तं आलं ना सारं."

बाबांचे हात थांबले होते.

"लोखंडे तुमच्या शब्दाबाहेर नाही," सारंग सावरून म्हणाला. "दर पौर्णिमेला इथे येतो. तुम्ही फक्त एक चिठ्ठी द्या. हा मुलगा प्रामाणिक आहे, याचा प्रोग्राम निर्दोष आहे, रविवारी राखणदार बंद ठेवा. एवढं लिहा. तुमची सही पाहिली की तो बंद करेल."

"बंद."

"हो. दहा मिनिटांचं काम."

"बाकी लोकायलेबी तू हेच सांगते?"

"काय?"

"बंद करा म्हनून."

"सांगतोच. बोलक्याबरोबर सूचना दिलीय, पहिल्याच ओळीत. 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग बोलका चालवा.'"

बाबांनी काहीतरी आठवत असल्यासारखं वर पाहिलं…

"सारंग, एखादा मानूस आला. म्हनला, मी चोर नाई, तुमचा कुत्रा बांधा, मंग मी आत येतो. तू काय करशीन?"

"पण मी खरंच चोर नाही!"

"तो काय म्हनला?"

मला वाटलं आता हा उठून जातो. पुण्याहून आल्यावर दोन नोकऱ्या त्याने अशाच सोडल्या होत्या, साहेबानं एक प्रश्न जास्त विचारला म्हणून. पण तो उठला नाही. ते विशाखामुळे असावं.

"दुसरा काही उपाय नसते का?" बाबांनी विचारलं.

"असतो." त्याने मान दुसरीकडे वळवली. "राखणदार बनवणाऱ्या कंपन्या म्हणतात, आमच्याकडे पाठवा, आम्ही उघडून तपासतो, बरा असला तर नाव चोरांच्या यादीतून काढतो."

"मंग धाडला का?"

"नाही."

"काऊन?"

"मी का पाठवू? मी चोर आहे का, स्वतःहून झडती द्यायला?"

बाबांनी भाताचा गोळा हातात घेतला आणि तो बोटांनी मोकळा करू लागले. रोजच्यासारखाच. सारंग वाट बघत राहिला, मीही मेथीची एकच काडी किती वेळ धरून होतो.

भातातून बाबांनी काहीतरी वेचून काढलं आणि तळहातावर घेऊन सारंगपुढे धरलं.

बांगडीचा तुकडा. हिरवी काच, नखाएवढी, टोकदार.

"बाप रे," मी म्हणालो. "कोणी टाकला हा?"

"कोनी टाकला नसन. वाढता वाढता फुटली असन."

"कोणत्या घरी?" सारंगनं विचारलं.

"काय मालूम. आज नऊ घरं फिरलो."

"पण बाबा, तुमच्या झोळीत…"

"झोयी माही हाये. मीच शिवली. रोज मीच धुतो." बाबांनी काच कागदात गुंडाळली. "सकायी निघतो तवा आत काय हाये ते मले मालूम असते. नऊ घरं फिरून आल्यावर पाहा लागते."

सारंग त्या कागदाच्या पुडीकडे पाहत राहिला…

आणि एकदम म्हणाला, "नाही. तसं होणार नाही. बोलक्यात तसं होतच नाही."

कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

"मी दाखवतो तुम्हाला. पुराव्यानिशी दाखवतो." त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. खिशातून पेनड्राइव्ह काढला. "हा विशाखाचा. बुधवारपासून माझ्याकडे आहे. बाबा, प्रत्येक फाइलचा एक ठसा असतो. लांबलचक आकडा. फाइलमध्ये एक काना-मात्रा जरी बदलली तरी तो आकडा बदलतो. जूनमध्ये मी बोलका वाटायला सुरुवात केली तेव्हाच तो आकडा सूचनेखाली छापलाय. आता या पेनड्राइव्हवरच्या बोलक्याचा ठसा काढतो. जुळला की तुम्ही चिठ्ठी लिहा. कबूल?"

बाबांनी मान हलवली. कबूल म्हणून की नको म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

सारंगनं बटणं दाबली. लॅपटॉपचा पंखा वाजला. पडद्यावर आकडा आला. त्याने खिशातून सूचनेचा छापील कागद काढला आणि बोट ठेवून जुळवू लागला.

पहिल्याच अंकाशी बोट थांबलं.

त्याने परत ठसा काढला. परत तोच आकडा. कागदावर दुसराच.

मग त्याने स्वतःच्या लॅपटॉपमध्ये ठेवलेल्या मूळ बोलक्याचा ठसा काढला. तो कागदाशी तंतोतंत जुळला.

विशाखाच्या पेनड्राइव्हवरचा मात्र जुळत नव्हता. त्याने आणखी काही पाहिलं आणि पुटपुटला, "मोठा झालाय. हा मोठा झालाय. कोणीतरी आत…"

"काय झालं?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"मास्तर, यात काहीतरी शिरलंय." त्याचा चेहरा उतरला होता. "बुधवारी राखणदार खरं बोलत होता."

"म्हणजे लोखंडे बरोबर होते?"

"नाही! म्हणजे हो. म्हणजे…" त्याने डोकं धरलं. "जूनमध्ये मूळ बोलका होता ना, एकदम कोरा, तेव्हाही राखणदार चोरच म्हणत होता. तेव्हा तो खोटं बोलत होता, हे मी आजही शपथेवर सांगतो. आणि आता खरं बोलतोय. पण शब्द तेच, भोंगाही तोच!"

"मधे काय झालं?" मी विचारलं.

"मधे ती चार-पाच कॉम्प्युटरवर फिरली असेल. सराव करायला. कोणाकडे काय होतं कोण जाणे. पण तिथेही राखणदार असणारच की, त्यांनी वेळीच पकडायला…"

तो बोलता बोलता थांबला.

छापील कागद त्याच्या हातात होता. पहिली ओळ वर होती. ती मलाही चष्म्याशिवाय दिसली: 'आधी अँटिव्हायरस बंद करा…'

…

विहिरीवर कोणीतरी बादली सोडली, तिचा आवाज आला. त्या मुलानं आपल्याच हातानं स्वतःच्या कामाचं हे केलं होतं, आणि तेही स्वतःला खरं ठरवण्यासाठी. त्याला काय म्हणून समजावणार? मी मेथीकडे बघत राहिलो.

"पोरगी कुठं हाये?" बाबांनी विचारलं.

"कोण? विशाखाताई? फाटकाशी. ऑटोत बसवलंय."

"इतका वेळ?"

"मी म्हटलं, मी बोलून येतो. तिला कशाला उगाच…"

"परीक्षा कोनाची हाये?"

सारंग उठला. चपला त्याने मधेच कधीतरी काढून ठेवल्या होत्या, तो तसाच अनवाणी फाटकापर्यंत गेला.

विशाखा त्याच्या कोपराला धरून आली. अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. पायरीशी थांबून तिनं पायानं उंची पाहिली आणि वर आली.

"दंडवत प्रणाम, बाबा," ती म्हणाली. तिला आधीच कोणीतरी सांगितलं असावं इथं कसं म्हणतात ते.

"ये माय. बस. माठातलं पानी घे."

तिनं पाणी घेतलं. सारंगनं तिला सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण काही लपवलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. बोलका बदललाय. बुधवारी जे वाजलं ते खरं होतं. सूचनेतली पहिली ओळ.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हनूनच."

"काय म्हणूनच?" सारंगनं विचारलं.

"सारंगभाऊ, मी तुले पंधरा दिवसाआधी फोनवर नाई सांगितलं? बोलका बोलाच्या आधी दम घेऊन राहिला म्हनून. बटन दाबलं का थोडं थांबते, मंग बोलते. आधी थांबत नव्हता. तू काय म्हनला होता?"

सारंग हातातल्या कागदाची घडी घालू लागला.

"तू म्हनला, ताई, तुमचा वहम हाये. माह्या प्रोग्राममंधी काही चूक नसते."

हे ती रागानं म्हणाली नाही. त्यामुळे जास्त लागलं. सारंगचे कान लाल झाले.

मला वाटलं बाबा आता काहीतरी बोलतील. एवढा मोठा धडा समोर आयता येऊन बसलाय, कोणीही बोलला असता. मी शिक्षक असताना तर तासभर बोललो असतो. बाबांनी एक भाकरी तोडली, तिच्यावर पिठलं ठेवलं आणि विशाखाच्या हातात दिलं. काच पाहून झालेली होती.

ती खाऊ लागली.

"ताई, चुकलं माझं," सारंग म्हणाला. "पण वेळ आहे अजून. आज शुक्रवार आहे. मी आत्ताच्या आत्ता नवीन पेनड्राइव्हवर मूळ बोलका घालतो. हा शंभर टक्के स्वच्छ आहे. ठसा जुळलाय. बाबांच्या डोळ्यांदेखत जुळलाय." तो बाबांकडे वळला. "आता तर चिठ्ठी द्याल ना? आता मी खोटं बोलत नाहीये."

"मंगाशीबी नव्हता बोलत," बाबा म्हणाले.

"पण हाही लावला की पडदा लाल होणारच," सारंग म्हणाला. "राखणदाराला जूनमध्ये जो संशय होता तो तसाच आहे. कंपनीकडे पाठवायला हवा होता. आता पाठवतो, आजच पाठवतो, पण उत्तर यायला चार-आठ दिवस लागतील. रविवारी भोंगा वाजणारच. म्हणून तर चिठ्ठी हवी. त्यात स्वच्छ शब्दांत लिहा, बाबा, की विशाखाताई प्रामाणिक आहेत. की यात काही नाही. तुमच्या शब्दावर लोखंडे डोळे मिटून विश्वास ठेवेल."

"डोये मिटून," बाबा म्हणाले.

"हो."

विशाखा खाता खाता हसली. पहिल्यांदाच हसली, आणि तिच्या हसण्यानं सारंग आणखीच गोंधळला.

बाबांनी माझ्याकडे हात केला. मी मेथीचा हात पुसून माझ्या वहीचं एक पान फाडून दिलं, पेन दिलं.

"माय, काय लिवू?" बाबांनी विचारलं.

"मी सांगू?"

"तुहीच परीक्षा हाये."

तिनं तोंडातला घास संपवला. विचार केला. सारंग मधे बोलायला गेला तर तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"राखनदार बंद नोको," ती म्हणाली. "त्या कॉम्पुटरवर बाकीचेबी बसनार हायेत. त्यायचं काही गेलं तं? पन बाबा, बुधवारी मले कोनी काही विचारलंच नाई. भोंगा वाजला अन् काढून देल्लं. यानं काय होते, कायले आनला, कोनं केला… एक शब्द नाई विचारला. मले तेच लागलं. तपासलं असतं तं मी बसली असती दिवसभर."

तिनं भाकरी खाली ठेवली.

"रविवारी भोंगा वाजन," बाबा म्हणाले.

"वाजू द्या. मशीन वाजन. मंग मानसानं पाहावं."

बाबांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. फार वेळ लागला नाही. पान दुमडून त्यांनी विशाखाच्या हातात ठेवलं. तिनं ते चाचपलं, नाकाशी नेलं, आणि सारंगकडे धरलं. "वाचून दाखव."

सारंगनं घडी उघडली. वाचलं. पान उलटून मागे पाहिलं. मागे माझं भूगोलाचं जुनं टाचण होतं, दुसरं काही नव्हतं. परत पुढे वाचलं.

"वाच ना," विशाखा म्हणाली.

तो वाचू लागला. "'लोखंडे यांस. रविवारी विशाखा तायडे येईल. तिच्याबरोबर सारंग इंगोले हा मुलगा येईल. दोघांनाही दारात थांबवा. जवळचं सगळं उघडून पाहा. विचारायचं ते सगळं विचारा. मगच आत घ्या.'" तो थांबला. "खाली सही."

"अजून?"

"एवढंच आहे."

विशाखानं हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, नीट चार घड्या केल्या आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. जपून ठेवली, एखादं प्रमाणपत्र ठेवावं तशी. तिच्या तोंडावर समाधान होतं. कशाचं, ते मला तेव्हा कळलं नाही.

सारंग मात्र तिथेच उभा. त्याला धक्का बसला होता, आणि तो लपवायचीही त्याला आता ताकद नव्हती.

"बाबा, यात आमच्याबद्दल एक चांगला शब्द नाही. प्रामाणिक नाही, निर्दोष नाही, काहीच नाही. उलट झडती घ्या म्हणून लिहिलंय." तो रडवेला झाला होता. "मले समजूनच नाई राहिलं. हे शिफारस हाये का तक्रार?"

बाबांनी उरलेली भिक्षा ताटात काढली. रिकामी झोळी झटकली, उलटी केली, शिवणीतून बोट फिरवून पाहिलं…

"माह्या गुरूनं मले हेच चिठ्ठी देल्ली होती," ते म्हणाले. "चाळीस वर्सं झाले, लोक दारात थांबवतेत, इचारतेत, मंग वाढतेत. तिच्यावरच गावोगाव जेवून राहिलो."